बोटावर नव्याण्णव, तरी पेशंट बेशुद्ध

डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे साडेआठ वाजले असतील. दवाखान्याचे शटर नुकतेच वर केले होते, कंपाउंडर अजून आला नव्हता. गाडीतळाकडून एक रिक्षा भरधाव आली आणि दारात थांबली. आत एक तरुण, त्याच्या मांडीवर डोके ठेवलेली त्याची सतरा-अठरा वर्षांची बहीण, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलेली आजी. मुलगी आंघोळीला गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही, हाका मारल्या तरी उत्तर नाही, म्हणून भावाने दाराची कडी तोडली. ती फरशीवर पडलेली होती. अंगावर कसाबसा गाऊन चढवून त्यांनी तिला आणले होते.

मी तिला टेबलावर घेतले. नाडी जलद चाललेली, हाक मारली की डोळे अर्धवट उघडायचे, पुन्हा मिटायचे. एकदा उलटी झाली. चेहरा मात्र पांढराफटक नव्हता, ओठ निळे नव्हते. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९९. भाऊ तो आकडा बघतच होता. कोरोनाच्या वर्षांनी घराघरात एवढे शिक्षण दिले आहे की ऑक्सिमीटरचा आकडा आता शाळेतल्या मुलालाही वाचता येतो. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाला, "ऑक्सिजन तर फुल आहे, डॉक्टर. मग चक्करच असेल ना? उपाशीपोटी गेली होती."

मी विचारले, "पाणी कशावर तापवता?"

"गॅस गिझरवर."

"गिझर कुठे आहे? बाथरूमच्या आत की बाहेर?"

"आतच. पण वास अजिबात नव्हता हो, डॉक्टर. सिलिंडर तर बाहेर आहे."

आजी मागून म्हणाल्या, "थंडी लागते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय. मीच लावायला सांगितला."

एवढे ऐकल्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. दवाखान्यातला छोटा सिलिंडर उघडून तिला मास्कने प्राणवायू सुरू केला, १०८ ला फोन केला आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिले, 'कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असावी. रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तपासावे.' रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा चौथ्या हिश्शाहून अधिक हिमोग्लोबिन या विषारी वायूने अडवलेले निघाले. मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली.

आठवड्याने तिचा भाऊ पेढे घेऊन आला. तो एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, डोके चौकस आहे. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून त्याने जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा आजचा लेख. "डॉक्टर, मशीन ९९ दाखवत होतं. म्हणजे ते खोटं बोललं का?"

वाचकहो, यंत्र खोटे बोलले नाही. त्याला जेवढे दिसते तेवढेच त्याने सांगितले. पण त्याला काय दिसते हे समजून घेतले पाहिजे. मलाही ते नीट समजायला बरीच वर्षे लागली.

बोटाला लावायच्या त्या चिमट्यात दोन छोटे दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, साधारण ९४० नॅनोमीटरचा. बोटाच्या दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा तुकडा असतो. प्राणवायू घेतलेले रक्त लालभडक असते, ते लाल उजेड बराचसा पुढे जाऊ देते. प्राणवायू दिलेले रक्त काळपट असते, ते लाल उजेड पिऊन टाकते. अवरक्त उजेडाचे थोडे उलटे आहे. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात नवे रक्त येते, उजेड किंचित कमी-जास्त होतो, आणि या दोन उजेडांच्या चढउताराच्या प्रमाणावरून यंत्र टक्केवारी काढते. ठोक्याबरोबर हलते ते धमनीतले रक्त, बाकी हाड-मांस-कातडी स्थिर, ही खुबी जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरच्या ध्यानात १९७० च्या दशकाच्या आरंभी आली. ज्या एप्रिल २०२० मध्ये सारे जग औषधाच्या दुकानांपुढे ऑक्सिमीटरसाठी रांगा लावत होते, त्याच महिन्यात हा माणूस वारला.

आता कार्बन मोनॉक्साइडकडे येऊ. गॅस, कोळसा, लाकूड, रॉकेल काहीही जळताना हवा अपुरी पडली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, घशाला खवखव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. एसटीच्या गाडीत आधीच रुमाल टाकून जागा अडवावी तशी तो जागा अडवतो, आणि प्राणवायू उभाच राहतो. गंमत अशी, खरे तर गंमत म्हणू नये, की या वायूने अडवलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते. ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडाला ते प्राणवायूच्या रक्तासारखेच भासते. दोनच दिवे असलेल्या यंत्राला त्यातला फरक कळण्याचा मार्ग नाही. म्हणून बोटावर ९९ आणि पेशंट बेशुद्ध. रुग्णालयातल्या रक्त तपासणीच्या मोठ्या यंत्रात अनेक तरंगलांबींचा उजेड रक्तातून सोडतात, तेव्हा दोघे वेगळे ओळखू येतात. बोटाला लावायची, सात-आठ तरंगलांबींची यंत्रेही आता निघाली आहेत, पण ती महाग आहेत आणि छोट्या दवाखान्यात क्वचितच दिसतात.

इथे एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुटुंबातली बाई थंडीच्या दिवसांत दर सकाळी डोके दुखते म्हणून यायची. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या, चष्म्याचा नंबर तपासायला सांगितले. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलालाही तोच त्रास, मग सासूबाईंनाही. एकाच घरातल्या तिघांना एकाच वेळी पित्त होत नसते, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. त्या घरात बाथरूममध्येच गिझर होता आणि वाऱ्याला वाटच नव्हती. नशीब चांगले म्हणून गोष्ट डोकेदुखीवर थांबली. तेव्हापासून हिवाळ्यात डोकेदुखीचा पेशंट आला की माझा पहिला प्रश्न असतो, घरात आणखी कोणाचे दुखते का, आणि बाहेर पडल्यावर बरे वाटते का?

इलेक्ट्रिशियन भावाचा पुढचा प्रश्न होता, "उजेडाने रक्तातला वायू कळतो, तर हवेतला नाही का कळणार? बाथरूममधला आधीच कळला असता." प्रश्न लाखमोलाचा आहे. उत्तर असे की कळतो, आणि त्याच्याही पुढचे म्हणजे लांबूनही कळतो.

ही विद्या जुनी आहे. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली, तेव्हा कार्बन डायॉक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, लंडनला जॉन टिंडाल यांनी उष्णतेचे किरण नळीतून सोडून कोणता वायू किती किरण अडवतो हे मोजायला सुरुवात केली. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइडही याच रीतीने मोजला गेला. भूल देताना पेशंटच्या श्वासनळीजवळून जी बारीक नळी यंत्राकडे जाते आणि पडद्यावर डोंगरासारखी रेघ उमटते, ती याच प्रयोगाची पणती. त्या रेघेवरून भूलतज्ज्ञाला दर श्वासाला कळते की पेशंटचा श्वास नीट चालला आहे. नळी चुकून अन्ननलिकेत गेली असेल तर तो डोंगर उमटत नाही. ऑक्सिमीटरला हीच चूक कळायला काही मिनिटे जाऊ शकतात.

वायू उजेड का अडवतो? गाण्याच्या बैठकीला गेलेल्यांना हे लवकर समजेल. जुळवलेला तंबोरा कोपऱ्यात उभा असतो, कोणी हातही लावलेला नसतो. गवयाने नेमका त्याचा षड्ज लावला की तार आपोआप झंकारते. दुसरा सूर लावला तर गप्प. वायूचे रेणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेले छोटे गोळेच. प्रत्येकाचा थरथरण्याचा स्वर ठरलेला. कार्बन मोनॉक्साइडचा स्वर ४.६ मायक्रॉन तरंगलांबीपाशी आहे, कार्बन डायॉक्साइडचा ४.२६ पाशी, मिथेनचा ३.३ पाशी. त्या तरंगलांबीचा उजेड आला की रेणू तो घेतो आणि थरथरतो. पलीकडे उजेड तेवढा कमी पोचतो. किती कमी झाला त्यावरून वायू किती, हा हिशेब. हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू या अवरक्त सुरांना जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून ते मध्ये लुडबुड करत नाहीत. हे आपले भाग्यच.

आपण हडपसरकर हे रोज पाहतो, फक्त नाव माहीत नसते. सोलापूर रस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी पीयूसीची गाडी उभी असते. मुलगा तुमच्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि कागद छापून देतो. पेट्रोलच्या गाड्यांसाठी त्याच्या पेटीत अवरक्त किरणांचा दिवा आणि एक नळी असते, धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच ४.६ मायक्रॉनच्या सुरावर पकडला जातो. (कागद कधीकधी नळी न घालताही छापून मिळतो, तो विषय वेगळा.) पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१३ मध्ये शहरासाठी 'सफर' नावाची हवेच्या दर्जाची यंत्रणा सुरू केली, तिच्या केंद्रांत आपले हडपसरही होते. देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत कार्बन मोनॉक्साइड मोजण्यासाठी हीच अवरक्त किरणांची रीत सांगितली आहे, आणि ओझोनसाठी अतिनील किरणांची. त्याच मानकांत एका तासाच्या सरासरीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा घनमीटरला ४ मिलिग्रॅम आहे. रस्त्यावरच्या हवेसाठी एवढी काळजी, आणि चार बाय सहाच्या बाथरूमला काहीच नाही.

लांबून मोजायचे तर नळी नको, नुसता किरण पुरे. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठाच्या डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अवरक्त किरण सोडून चालत्या गाड्यांचा धूर मोजला. गाडी निघून गेली की मागे धुराचा ढग राहतो, किरण त्यातून जातो, अर्ध्या-एक सेकंदात निकाल लागतो. पुण्यात पाषाणला हवामानशास्त्र संस्थेतही १९८० च्या दशकात लेसरचा किरण आकाशात सोडून परत येणारा उजेड मोजत. त्यांना वायू नव्हे तर हवेतले धूलिकण बघायचे होते, पण तत्त्व तेच, की जागेवर न जाता उजेडाकडून निरोप आणायचा.

सर्वांत लांबचा निरोप उपग्रह आणतात. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशात मिथेनने कुठले सूर खाल्ले हे ते वरून बघतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्वेनोस आयरिस इथल्या कचऱ्याच्या डोंगरांतून तासाला ३ ते २९ टन मिथेन निघत असल्याचे या रीतीने दिसले. आपल्या शेजारच्या फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांना हे वाचून नवल वाटणार नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे त्यांनी सोसला. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथे लागलेली आग आणि नंतरचे गावकऱ्यांचे आंदोलन अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत माझ्याकडे खोकल्याचे, दम्याचे पेशंट एवढे वाढले होते की दुपारी जेवायला उठता येत नसे. कचऱ्याच्या पोटात मिथेन तयार होतो, ठिणगी मिळाली की पेटतो. धूर वाऱ्याबरोबर येतो तेव्हा तो फुरसुंगी आणि हडपसरची हद्द विचारत नाही.

आता भावाच्या प्रश्नाचे खरे उत्तर. हे सगळे यंत्र मोठे आहे. पीयूसीची पेटी बाथरूममध्ये टांगता येत नाही, उपग्रह तर नाहीच. म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षे शास्त्रज्ञ एका वेगळ्या दिशेने खटपट करत आहेत. दिवा, नळी, उजेड मोजणारा तुकडा हे सारे नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर बसवायचे, जशी पूर्वी खोलीभर जागा घेणारी संगणकाची यंत्रणा चिपवर बसली. इथे तारेतून वीज वाहते त्याऐवजी सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म पट्टीतून उजेड वाहतो. पट्टीची रुंदी साधारण ४५० नॅनोमीटर आणि उंची २२० नॅनोमीटर असते. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. आपल्या देशात आयआयटी मद्रास आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईतही या विद्येवर काम चालते.

पट्टीत कोंडलेला उजेड वायूला भेटणार कसा, असे कोणीही विचारील. त्यात एक निसर्गाचीच सोय आहे. इतक्या अरुंद पट्टीत उजेड पुरता मावत नाही. भरलेल्या कालव्याची ओल काठाच्या मातीत झिरपावी तसा त्याचा काही अंश पट्टीच्या अंगाला चिकटून बाहेर पसरतो. हा बाहेरचा अंश हवेला शिवतो. हवेत मिथेन असेल तर तो आपला सूर तिथेच उचलतो. भेट थोडी, म्हणून वाट लांब हवी. पट्टी जिलबीसारखी गुंडाळून दहा सेंटिमीटरचा मार्ग चिमूटभर जागेत बसवतात. २०१७ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या संशोधकांनी अशा दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर हवेतला मिथेन दहा लाखांत शंभर भागांपेक्षाही कमी प्रमाणात ओळखून दाखवला. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होतो. म्हणजे दहा लाखांत पन्नास हजार भाग. शंभर भागांना कळले तर माणसाला जीव वाचवायला भरपूर अवकाश मिळतो.

मग घोडे अडते कुठे? ऐकून आश्चर्य वाटेल, उजेड आत घालण्यात! उजेड येतो काचेच्या तंतूतून, तोच ऑप्टिकल फायबर जो आता आपल्या गल्लीत इंटरनेट घेऊन आला आहे. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचे काम पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनला केले, ते १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. एन्डोस्कोपीच्या दुर्बिणीतून तुमचे जठर दिसते त्यात त्यांचा वाटा आहे. तर या तंतूच्या मधल्या ज्या गाभ्यातून उजेड वाहतो तो आठ-दहा मायक्रॉनचा, आणि चिपवरची पट्टी अर्ध्या मायक्रॉनपेक्षा अरुंद. बागेला पाणी घालायचा पाइप इंजेक्शनच्या सुईला जोडण्याचा हा प्रकार आहे. नुसता जोडला तर जवळजवळ सगळे पाणी बाहेर सांडेल.

यावर दोन युक्त्या मुख्यतः वापरतात. एक म्हणजे पट्टीचे टोक हळूहळू निमुळते करत न्यायचे. आपल्याला वाटते मोठ्या पाइपला जोडायचे तर टोक रुंद हवे. इथे उलटे आहे. टोक फार बारीक झाले की उजेड त्यात मावेनासा होतो आणि फुगून तंतूच्या आकाराएवढा होतो, मग दोघांची गाठ जुळते. दुसरी युक्ती चकतीच्या पाठीवर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेषा कोरायची. वरून तिरका आलेला उजेड त्या रेषांवर पडला की वळून पट्टीत शिरतो. यात तंतू कडेलाच नव्हे तर चकतीवर कुठेही टेकवता येतो, कारखान्यात तपासायला सोपे पडते. मात्र साध्या रेषांमध्ये निम्मा उजेड वाया जातो, आणि एकाच तरंगलांबीला ती बेतलेली असते. तंतू एक-दोन मायक्रॉन इकडचा तिकडे झाला, डिंक वाळताना सरकला, थंडी-उन्हाने आकसला, की सांधा बिघडला. चिप बनवण्यापेक्षा ती तंतूला जोडून डबीत बंद करण्याचा खर्च जास्त होतो, असे या क्षेत्रातले लोक सांगतात. शिर सापडत नसलेल्या पेशंटला सलाइन लावणाऱ्या आमच्या सिस्टरांना हे दुःख नीट समजेल. औषध कितीही भारी असले तरी सुई शिरेत जायला हवी.

दुसरी अडचण सुराची आहे. साध्या काचेच्या तंतूतून सुमारे दोन मायक्रॉनपलीकडचा उजेड फार जात नाही. मिथेनचा एक मंद सूर १.६५ मायक्रॉनवर आहे, तो तंतूतून जातो. कार्बन मोनॉक्साइडचा ४.६ मायक्रॉनचा बुलंद सूर मात्र तंतू गिळून टाकतो, आणि चिपखालचा काचेचा थरही. त्यासाठी जर्मेनियमसारखे दुसरे पदार्थ वापरून बघत आहेत. म्हणजे भावाच्या बाथरूमसाठी उजेडाची चिप उद्या बाजारात येईल असे मी सांगू शकत नाही.

पण मिथेनसाठी, आणि माणूस जिथे जाऊ नये तिथल्या हवेसाठी, तंतूची रीत मला फार मोलाची वाटते. तंतूतून फक्त उजेड जातो, वीज नाही. खाणीत, गटारात, बायोगॅसच्या टाकीत ठिणगीची भीती नाही. डबी आत सोडायची, माणूस वर. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्याच सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत, शौचालयाची टाकी साफ करताना चार जणांचा गुदमरून जीव गेला. अशा घटनांत बहुतेक वेळा असेच होते. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीत प्राणवायू संपलेला असतो आणि हायड्रोजन सल्फाइड भरलेला असतो. सडक्या अंड्याचा तो वास जास्त प्रमाणात नाकाची शक्तीच मारतो, त्यामुळे 'आता वास गेला, उतरा' हा निष्कर्ष प्राणघातक ठरतो. माणसाला गटारात आणि टाकीत उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ती बंदी पाळली तर कोणत्याही चिपची वाट बघावी लागणार नाही. हायड्रोजन सल्फाइड उजेडाला फार क्षीण दाद देतो, त्यासाठी आजही रासायनिक सेलवर चालणारे, खिशाला लावायचे मीटरच जास्त कामाचे आहे, आणि ते बाजारात मिळते.

हेच घरातही. त्या भावाला मी जे सांगितले ते वाचकांनाही सांगतो. गॅस गिझर बाथरूमच्या आत नको. बाल्कनीत किंवा उघड्या जागी बसवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ न्या. ते जमणारच नसेल तर धूर बाहेर नेणारी नळी असलेलाच गिझर घ्या, आणि झडपेची खिडकी कधीही बंद करू नका, कितीही थंडी असो. आधी बादल्या भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. ज्वाला निळी हवी, पिवळी दिसू लागली तर बर्नर साफ करून घ्या. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीसाठी दार-खिडक्या बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे, तिथे तर विशेष जपा. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो.

एक गैरसमज फार पसरला आहे. स्वयंपाकघरातला गॅस गळतीचा अलार्म घेतला की काम झाले असे लोक समजतात. तो अलार्म सिलिंडरमधल्या वायूसाठी असतो. त्या वायूला वास यावा म्हणून कंपनीने मुद्दाम मर्काप्टन मिसळलेले असते, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून तो अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हा जळल्यानंतरचा वायू आहे. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो, बहुधा रासायनिक सेलचा. हा वायू हवेइतकाच हलका-जड असल्याने अलार्म डोक्याच्या उंचीला, पण वाफ थेट लागणार नाही अशा जागी लावावा. खोक्यावर कोणत्या वायूचे नाव लिहिले आहे ते वाचून घ्या. सेलचे आयुष्य काही वर्षांचे असते, तारीख त्यावर छापलेली असते.

कोणी बाथरूममध्ये पडलेले सापडले तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा. स्वतः आत रेंगाळू नका. १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे, चप्पल हुंगवणे यात वेळ घालवू नका. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला की तास-दीड तासात निम्मा होतो. उपचार म्हणजे प्राणवायूच, आणि तो जितका लवकर तितका मेंदूला बरा. ऑक्सिमीटर ९९ दाखवतो म्हणून घरी थांबू नका, आणि डॉक्टरांना गिझरबद्दल आवर्जून सांगा. आम्हीही माणसेच आहोत, घाईत विचारायचे राहून जाते.

शुद्धीवर आलेल्या माणसाकडेही महिनाभर लक्ष ठेवावे लागते. काहींना दोन-चार आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे त्रास सुरू होतात. त्या मुलीला मी तीन वेळा तपासायला बोलावले. तिसऱ्या वेळी ती कॉलेजातून परस्पर आली होती, खांद्याला दप्तर. उभी करून डोळे मिटायला लावले, एका रेषेत चालायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिने शेवटपर्यंत न अडखळता केले, आणि वर म्हणाली, "डॉक्टर, हे तर मला आधीपण एवढ्या पटकन येत नव्हतं."

भावाने गिझर आता बाल्कनीत हलवला आहे. खिडकीवरचा पुठ्ठा आजींनी स्वतः काढला. सकाळी आंघोळीला गार वारा येतो अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती त्या मला दर महिन्याला ब्लडप्रेशर तपासायला येतात तेव्हा न चुकता ऐकवतात.